सातव्या थरातला अंगठा

अंगठा अगदी मधोमध उमटला होता.

दीप्तीनं सुकून काचेसारख्या झालेल्या रेझिनवर ब्रशनं चांदीची पूड फिरवली, आणि जिथं आकाशगंगा यायची तिथं कोणाचा तरी अंगठा चमकायला लागला. कड्यांत कड्या, मधून एक आडवी चीर. थर ओला असताना कोणीतरी हात लावला होता. कोणीतरी कसलं, घरात माणसं दोनच.

"बाबा!"

दिवा स्टेशनजवळच्या त्या एका खोलीत सात दिवस ती थर ओतत होती. तळाला खडवलीच्या नदीतले गोटे, त्यावर शेवाळ, मग हिरवं पाणी, मग काळं आभाळ आणि तारे. रोज एक थर, आणि तो सुकेपर्यंत त्याच्याजवळ श्वासही जपून सोडायचा. वरून बघितलं की आभाळातून नदी दिसायची. परवा ते ठाण्याच्या प्रदर्शनात ठेवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाची चिठ्ठी लावून काहीतरी मांडलं जाणार होतं. आता घासून काढावं तर तारे जाणार, आणि नव्यानं करायला दिवस उरले नव्हते.

सीताराम मोरीतून पाय पुसत आले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. हाताला चिरा कायमच्या. भिंत दिसली की गिलावा वाळला का, ते अंगठ्यानं दाबून बघणार. मग ती लग्नाच्या हॉलची असो की दवाखान्याची. दीप्ती लहानपणापासून त्यावरून त्यांची चेष्टा करायची. आज तिला हसू आलं नाही.

"वाळलं का ते दाबून बघितलंत ना?"

"मी नाय हात लावला."

"मग काय भुतानं लावला? ही तुमची भिंत नाही बाबा! तुम्ही दादाकडे जा खडवलीला. प्रदर्शन होईस्तोवर तिकडेच राहा. नंतर राहिलात तरी चालेल."

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. लगेच परत घेता आलं असतं, पण तिनं घेतलं नाही.

सीतारामनी खुंटीवरची पिशवी काढली. रेशनची पिशवी. सकाळी ती रिकामीच परत आली होती. "मशीन घेत नाय," एवढंच तेव्हा ते म्हणाले होते, आणि ताऱ्यांत गुंतलेल्या दीप्तीनं पुढं काही विचारलं नव्हतं. आता त्या पिशवीत टॉवेल गेला, लुंगी गेली, बीपीच्या गोळ्या गेल्या. सीताराम दारापर्यंत गेले आणि मागं फिरले.

त्यांनी अंगठा चांदीच्या पुडीत बुडवला आणि टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबला.

"बघ."

नुसता एक चकचकीत ठिपका. एक रेघ नव्हती.

"सिमेंटनं खाल्लाय. दुकानदारानं पाच वेळा पुसून पुसून ठेवायला लावला. मशीन म्हणतंय, हा माणूसच नाय."

दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्याच अंगठ्याला धरून ती चालायला शिकली होती, आणि तो कधी झिजून गेला ते तिला कळलंही नव्हतं.

सीताराम वाकून रेझिनकडे बघत होते. रागावलेले दिसत नव्हते, खरंच कोड्यात पडले होते.

"पण मग हा कोणाचा गं?"

दीप्तीला काल संध्याकाळ आठवली. ओल्या थरावर कापसाचा तंतू येऊन बसला होता. हातमोजा चिकटत होता म्हणून तो काढून तिनं तंतू अंगठ्यानं टिपून घेतला होता.

तिनं आधी बाबांच्या हातातली पिशवी काढून घेतली. मग हातमोजा काढला, अंगठा पुडीत बुडवला आणि त्यांच्या ठिपक्याशेजारी दाबला.

कड्यांत कड्या उमटल्या, आणि मधून, गेल्या वर्षी कटरनं कापलेली आडवी चीर.