राजाच्या मेजावर

बूट परत मागायला जायचं नाही, असं बायकोने मोच्याला बजावून ठेवलं होतं. तो गेला नाही. सकाळी त्याने दुकानाचं शटर अर्धं वर केलं, दिवा लावला आणि नवा बूट करायला घेतला.

दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पायरी. त्या पायरीच्या वर त्याची बायको अनवाणी येऊन उभी राहिली. एक हात चौकटीवर, चेहऱ्यावर काहीच दुखत नसल्याचा आव.

"हे कोणाचं काम?"

"आहे एक गिऱ्हाईक. फार हट्टी."

तिने सोल पाहिला. डाव्या, आखूड पायाचा, चार बोटं जाड. असा बूट आख्ख्या गावात एकाच बाईला लागायचा, आणि त्या बाईने तो रविवारी रोगमुक्तीच्या सभेत स्टेजवर काढून दिला होता. येशूच्या नावाने आधार सोडा, असं माइकवाला ओरडला आणि लोकांनी सोडले. काठ्या, कमरेचे पट्टे, चष्मे यांचा ढीग झाला. माइकवाल्याने त्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. चष्मेवाले घरी कसे पोचले हे कोणी विचारलं नाही. ती स्टेजवर चार पावलं चालली आणि टाळ्या पडल्या. उतरताना तिचा तोल गेला, मोच्याने तिला सावरलं. तेव्हाही टाळ्या चालूच होत्या, पण दुसऱ्या कोणासाठी.

"म्हणजे तुमचा विश्वास नाही," ती म्हणाली.

"देवावर आहे. आणि तुझा पाय दुखतोय तेही दिसतंय. मला दोन्ही जमतं."

"दुखत नाहीये."

"मग ये की खाली."

एकच पायरी. ती उतरली नाही. चौकटीवरची तिची बोटं पांढरी पडली. मग भिंतीला धरत ती तिथेच, पायरीवर, हळूहळू बसली.

"आता बूट घातला तर देवाला सांगितल्यासारखंच होईल ना, की राहू दे, तुझ्याच्याने झालं नाही?" तिचा आवाज बारीक झाला. "आणि तो माइकवाला म्हणाला, पाय बरा झाला नाही तर खोट तुमच्या विश्वासात आहे. अहो, असेल का हो खोट?"

मोच्याने चामडं कापायची रापी खाली ठेवली. त्या माइकवाल्यासाठी दोन-चार शेलके शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले आणि फळीवरचं पवित्र शास्त्र काढलं. रोज कामाआधी त्याने वाचायचं आणि तिने ऐकायचं, हे त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं. रविवारपासून ते बंद होतं. बरं होण्याच्या खटाटोपात तिला सवड नव्हती.

सोल्युशनने चिकट झालेल्या बोटांनी त्याने पानं उलटली. राजाची गोष्ट निघाली. राजाने जिवलग मित्राला शब्द दिला होता, तुझ्या घराला मी अंतर देणार नाही. मित्र लढाईत पडला. पुढे राजाला कळलं की मित्राचा एक मुलगा उरलाय, पायांनी पांगळा. त्याने त्याला बोलावून घेतलं, भिऊ नको म्हणाला, आणि रोज आपल्या मेजावर जेवायला बसवलं, पोटच्या पोरासारखं.

"माहीत आहे मला ही," ती म्हणाली.

"शेवटी काय होतं?"

"तेच की. राजाच्या मेजावर जेवतो."

"त्याच्याही पुढे."

तिला आठवेना. मोच्या उठला, तिच्यापाशी येऊन खालीच बसला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. गोष्ट संपली तरी त्या मुलाचे दोन्ही पाय तसेच पांगळे होते.

"राजा माणूस होता," ती हळूच म्हणाली. "देवाला तर जमतं."

"जमतं ना. करायचं असेल तेव्हा करेल, मी कोण अडवणार? पण त्याने शब्द दिलाय तो मेजावर बसवायचा. त्यात पायांची अट कुठे आहे, दाखव मला."

तिने पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं आणि वरच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"आणि त्या पांगळ्या पोराचा विश्वास तरी कोणी मोजला? तो तर घाबरून स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणत होता. शब्द राजाचा होता, तो राजाने पाळला. विषय संपला."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून गेलं. दोघंही उठली नाहीत. ती ओळीकडे बघत राहिली. कोण जाणे किती वर्षं ऐकत आली होती, आणि दर वेळी मेजाशीच थांबली होती.

मग तिने डावा पाय पुढे केला. मोच्याने तो मांडीवर घेतला. टाच गरम लागत होती, घोटा टम्म फुगला होता. त्याने हात लांबवून अर्धवट बूट ओढला, त्या पावलाखाली धरला आणि पट्ट्याचं चामडं घोट्याभोवती गुंडाळून कुठे भोक पाडायचं ते नखाने खुणावलं.

"हट्टी म्हणालात ते ऐकलंय मी," ती म्हणाली.

"बरं."

शास्त्र अजून तिच्या मांडीवर उघडं होतं. त्याच्या नखापाशी तिने आपलं बोट ठेवलं आणि ते थोडं पुढे सरकवलं.

"पट्टा जरा सैल ठेवा. संध्याकाळी सुजतो."