अक्रोडाचा रंग

धोबीखान्याच्या अंगणात अक्रोडाच्या हिरव्या सालींचं पाणी रटरटत होतं. जर्मन सेवास्तोपोलच्या डोंगरांपाशी येऊन ठेपले होते. बंदरातल्या जहाजांवरून खलाशी उतरवून त्यांची पायदळ पलटण उभी केली जात होती. तोफवाले, आचारी, बँडवाले, हाताला लागेल तो. निम्म्यांकडे कपडे होते ते उन्हाळी, पांढरे. डोंगरावर पांढरं म्हणजे गोळीला आयतं निशाण. म्हणून झिनाइदा आणि अगाफ्यामावशी सकाळपासून ते या पाण्यात मातकट रंगवत होत्या.

कोंद्रात नावाचा म्हातारा तांडेल 'लवकर उरका' म्हणत कपड्यांचा नवा गठ्ठा टाकून गेला नाही तोच झिनाइदाने त्याला हाक मारली. तिच्या हातात त्यातला एक सदरा होता. काखेत निळ्या दोऱ्याची शिवण. तिच्याच हातची.

"हा माझ्या नवऱ्याचा. येफिम तर क्रूझरवर बॉयलर सांभाळतो ना?"

तांडेलाने टोपी काढून डोकं खाजवलं. "सांभाळायचा. परवा आपणहून पलटणीत नाव दिलं त्यानं. घरी सांगतो म्हणाला होता."

"सांगितलं नाही."

"जर्मनांना भीत नाही मेला," अगाफ्यामावशी म्हणाली, "बायकोला भितो."

येफिम फाटकाबाहेरच उभा होता. अंगात नुसतं पट्ट्यापट्ट्यांचं बनियन, थंडीने खांदे आखडलेले.

"ये आत," झिनाइदा म्हणाली. "बंदूक तरी धरता येते का?"

"शिकवतायत."

"आणि खंदक?"

"पहिल्या बोटीवर पाच वर्षं कोळसाच ओढला की. फावडं ओळखीचं आहे."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने सदरा पाण्यात बुडवला, काठीने दाबून धरला. येफिम चुलीपुढे बसून लाकडं सारू लागला. आच कुठे वाढवायची ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने सदरा वर काढला.

"झाला की," तो म्हणाला.

"गप बस. फिका आहे."

तिने तो पुन्हा बुडवला. मावशीने उरलेल्या साली तिच्या हंड्यात ओतल्या. मघापासून घाई करणारा तांडेल उलट्या बादलीवर बसला आणि सावकाश बिडी वळू लागला.

सदरा अखेर मातीसारखा झाला. चुलीवर धरूनही ओलाच राहिला. तिने तो येफिमच्या डोक्यातून खाली ओढला.

"गार आहे गं!"

"अंगावर वाळेल."

"आणि तोंडाचं काय? ते पांढरंच राहिलं."

झिनाइदाने आपले रंगलेले ओले तळवे त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि ठेवूनच राहिली. तांडेलाने मान दुसरीकडे वळवली.

दुपारी पलटण निघाली. झिनाइदा कुंपणाच्या दगडांवर चढून बघत राहिली. पहिल्या वळणापर्यंत येफिम तिला चालीवरून ओळखू येत होता. मग रस्ता सोडून माणसं उतारावर पांगली. वाळलेलं गवत, दगड, झुडपं. तिने डोळे बारीक केले, हाताचा आडोसा धरला, पुन्हा पुन्हा शोधलं.

"मावशी, तो दिसत नाहीये मला," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसली.