आजार सुरू झाल्याची वेळ

"हा भाग मेलेला आणि हे त्याच्यावर सांडलेलं रक्त. रक्त ताजं आहे, मेलेला भाग शिळा," डॉ. स्लावेंकांनी मेंदूच्या कापावर सुरीचं टोक टेकवलं. "आता बोल, रास्त्को. औषध कधी दिलंस?"

"सकाळी साडेनऊला."

"आणि पक्षाघाताचा झटका कधी आला होता?"

"आठला. मी दीड तासात दिलं, डॉक्टर."

"दीड तासात! वा रे बहाद्दर! माणूस संध्याकाळी सहाला गेला. म्हणजे तुझ्या हिशेबाने दहा तासांचा आजार. अरे, दहा तासांत इतक्या पांढऱ्या पेशी गोळा होतात का? सूक्ष्मदर्शकाला डोळा तरी लावलास का कधी? हा आदल्या दिवसाचा मामला आहे."

दर गुरुवारी हाच तमाशा. वॉर्डातल्या डॉक्टरांनी तळघरात उतरायचं, शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभं राहायचं आणि आपण मारलेल्या माणसाबद्दल स्लावेंकाबाईंच्या शिव्या खायच्या. तिमोक नदीच्या काठच्या त्या गावात झटक्याने माणसं पटापट जात, त्यामुळे बाईंना कामाचा तुटवडा नव्हता. मूर्खांचा तर त्याहून नव्हता. वॉर्डातले मूर्ख, घरचे मूर्ख, रस्त्यावरचे मूर्ख. तीस वर्षं त्या मेलेल्यांशी सभ्यपणे वागल्या होत्या. जिवंतांना ती सवलत नव्हती.

रास्त्को नुकता कुठे नोकरीत कायम झाला होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं, हे त्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. उशीर झाला की तेच औषध मेंदूत रक्त सांडतं. स्लावेंकाबाईंच्या अहवालात 'वेळेची चौकशी न करता औषध दिले' एवढं एक वाक्य पडलं, की प्रकरण चौकशी समितीकडे जाणार आणि त्याचा परवाना जाणार. पेनचं टोपण बाईंनी उघडलंच होतं.

"मी चौकशी केली होती," तो म्हणाला. "बायकोला तीनदा विचारलं. सकाळी आठपर्यंत ठणठणीत होते, म्हणाली. सीटी स्कॅनमध्येही जुनं काही धड दिसत नव्हतं."

"बायकोला विचारलं, म्हणे! उद्या शेळीला विचारशील."

"त्या वर बसल्या आहेत. अहवाल घ्यायला आल्या आहेत. तुम्हीच विचारा."

वॉर्डाचे विभागप्रमुख गव्रिलो छताकडे बघायला लागले. कोणाची तरी मान जाणार म्हटलं की त्यांना छत फार आवडे.

"बोलवा," बाई म्हणाल्या. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष." मेंदूच्या ट्रेवर त्यांनी हिरवं फडकं ओढलं.

देसांका आली. काळा रुमाल, काळे मोजे, हातात डॉक्टरांसाठी आणलेली कॉफीची पिशवी. ती कोणाला द्यायची ते तिला कळेना, म्हणून छातीशी धरून ती दारातच उभी राहिली, नजर जमिनीकडे.

"बाई, खरं सांगा," स्लावेंकांनी विचारलं. "नवऱ्याला त्रास कधी सुरू झाला? सकाळी आठला नव्हे. मला ठाऊक आहे."

देसांकाच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं.

"आदल्या दिवशी, डॉक्टरीणबाई. दुपारी चारला. जेवून उठले आणि तोंड एकीकडे ओढलं गेलं. खिडक्या दोन्ही बाजूंच्या उघड्या होत्या. मला वाटलं, वारं लागलं. गालाला राकियाची दारू चोळली."

गव्रिलोंनी कपाळावर हात मारला. वारं लागतं म्हणून उन्हाळ्यातसुद्धा बसच्या खिडक्या बंद ठेवणारं ते गाव. त्यात नवीन काही नव्हतं.

"मग याला का नाही सांगितलं?" बाई कडाडल्या. "हा पोरगा तीन तीनदा विचारत होता!"

"लाज वाटली."

"लाज? नवरा मरायला टेकला आणि लाज?"

"त्याच संध्याकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभी होते. पाववालीला सांगत होते, की ह्यांचं तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत नाहीयेत, वारं लागलंय. मागून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, 'वाऱ्याने तोंडं वाकडी होत असती, तर अख्खं सर्बिया वाकड्या तोंडाचं झालं असतं! दवाखान्यात जाऊन हे सांगू नका हं, डॉक्टर लोक पोट धरून हसतील.' सगळी रांग हसली. शिकलेल्या होत्या, बोलण्यावरून कळत होतं. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. पाव तसाच टाकून घरी गेले. सकाळी ते कोसळले, तेव्हा दवाखान्यात आठला म्हणून सांगितलं. पुन्हा हसू करून घ्यायचं नव्हतं मला."

"कोण होती ती शहाणी?" गव्रिलो म्हणाले. "असल्या बाईला तर..."

रास्त्को भिंतीला टेकला. देसांका रुमालाच्या टोकाने नाक पुसत होती. तिला काही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

स्लावेंकाबाईंना ती रांग आठवली. आपला विनोद आठवला, शब्द न शब्द. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना तो त्यांनी तळघरातल्या आपल्या सहकाऱ्यांना ऐकवला होता, तेव्हाही हशा पिकला होता. त्यात वारं होतं, सर्बिया होतं, ती अडाणी बाई होती. वाकडं तोंड आणि न फुटणारे शब्द मात्र त्यांना काही केल्या आठवेनात. ते त्यांनी ऐकलेच नव्हते. त्यांनी टेबलाची कड धरली.

मग त्यांनी पेन रास्त्कोपुढे केलं.

"तू लिही. माझा हात चालत नाहीये. लिही, की रोग्याची लक्षणं आदल्या संध्याकाळी, अजून वेळ हातात असताना, एका डॉक्टरच्या कानावर पडली होती, आणि ती डॉक्टर हसली. नाव माझं घाल."