आभाळातून मोजलेला धुरा

"मॅडम, ढग आले तर तुमच्या मशीनला दिसत न्हाई ना?" दगडोबानं विचारलं.

आभाळात नखाएवढाही ढग नव्हता. डोंगरकड्याच्या शिवारात चैत्राचं ऊन असं पेटलं होतं, की हळद काढून मोकळ्या झालेल्या वावरात ढेकळंसुद्धा धापा टाकत असावीत.

"ढगांमुळं काही अडत नाही, आजोबा," मोजणीला आलेल्या करुणा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात उंच काठी होती आणि काठीच्या डोक्यावर पांढरी टोपी. "ही टोपी वरच्या उपग्रहांचं ऐकते. आपण नेमके कुठं उभे आहोत ते त्यावरून कळतं. बोटाबोटाचा हिशेब लागतो."

"बोटाबोटाचा?" दगडोबानं टोपीकडं आणि मग धुऱ्याकडं पाहिलं.

सगळा घोळ बोटाचाच होता. दगडोबाचं आणि विश्वंभरचं वावर लागून, मध्ये हद्दीच्या मातीच्या बांधाचा धुरा. हा धुरा दगडोबा दर सालच्या नांगरटीला बोटभर कोरत आला होता. आपल्या अंगानं कोरायचं, माती पलीकडच्या अंगाला लोटायची. धुरा तेवढाच जाड, फक्त विश्वंभरकडं बोटभर सरकलेला. त्या बोटभर मातीत काय हळद पिकणार होती? पण एखाद्याला तंबाखू सुटत नाही, तशी ही खोड जवानीत लागली ती लागलीच.

आणि विश्वंभर म्हणजे देवमाणूस. त्याची नांगरट दगडोबाच्या मागून व्हायची, पण धुऱ्याकडं बोट दाखवून तो कधी एक शब्द बोलला नाही. दगडोबाची बायको गेली तेव्हा विश्वंभरच्या नर्मदाबाईनं अख्खा पावसाळा भाकरी पाठवली. विश्वंभर स्वतः डबा घेऊन यायचा आणि दगडोबा जेवल्याशिवाय हलायचा नाही.

त्याच्या मिठाला आपण असे जागलो, हे आज चारचौघांत निघणार होतं. जमीन गेली तर जाऊ दे, पण हा माणूस गेला तर संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर बसायचं?

हे सगळं उकरून काढलं दगडोबाच्या पोरानं, स्वप्निलनं. रानडुकरं हळदीचे कंद उपसतात म्हणून त्याला तारेचं कुंपण घालायचं होतं. "मोजल्याबिगर खांब रोवणार न्हाई, बाबा. उद्याचं भांडण आजच मिटवून टाकू."

"अरे, भांडण हाय कुठं? आपसात काहून मोजायचं?" दगडोबा म्हणाला होता. नवल म्हणजे विश्वंभरही तेच म्हणाला होता, "शेजारधर्मात मोजणी शोभत न्हाई, पोरा." किती मोठं मन माणसाचं!

पण मोजणी आली. आणि आता मशीनच अडून बसली.

"सूर्यावर वादळ झालंय परवा," मॅडम काठीला लावलेल्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "वरून येणारा सिग्नल लटपटतोय. थांबावं लागेल."

सगळे लिंबाच्या सावलीला बसले. नर्मदाबाईनं चहाची किटली पाठवली होती. विश्वंभरनं पहिला कप दगडोबाच्या हातात दिला. दगडोबाला तो कप निखाऱ्यासारखा लागला.

"मॅडम, ते उपग्रह चुकत बी असतील की," विश्वंभर म्हणाला.

"त्यांनाही तकलीफ असतेच. इंधन संपतं, आतलं घड्याळ बिघडतं. वर कचराही फार झालाय. मेलेले उपग्रह, फुटलेले तुकडे, सगळं बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात फिरतंय. एखादा तुकडा अंगावर येताना दिसला, की उपग्रहाला बाजूला सरकावं लागतं."

"म्हंजे चुकतात!" दगडोबाला धीर आला.

"एकट्यावर विसंबतच नाही आम्ही. एक चुकला, तर बाकीच्यांच्या हिशेबात तो उघडा पडतो."

दगडोबाचा धीर चहाबरोबर खाली गेला.

"अन् वर त्यायचे बी धुरे असतील?" विश्वंभरनं विचारलं.

"प्रत्येकाची वाट ठरलेली असते."

"कोणी कोरत न्हाई?"

दगडोबाला ठसका लागला. विश्वंभरनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "हळू पी, दगडू. काई निघालं तरी मनात ठिऊ नको बरं. माणूस मोठा, का माती?"

म्हणजे याला ठाऊक आहे! इतकी सालं ठाऊक आहे, आणि तरी पाठीवरून हात फिरवतोय! दगडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीननं सांगण्याआधी आपणच सांगावं. एवढी तरी इज्जत राखावी.

"इसंभरा, मला एक बोलायचं हाय."

"मला बी बोलायचंच व्हतं, दगडू."

"आधी माझं ऐक. या धुऱ्याचं..."

"लागलं!" मॅडम उठल्या. टोपीवर हिरवा दिवा लागला होता. त्या काठी टेकवत धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मागं स्वप्निल चुन्याच्या खुणा करत गेला. दगडोबा जागचा हललाच नाही. विश्वंभरही त्याच्याजवळच बसून राहिला, मान खाली घालून. अशा वेळीही सोबत सोडली नाही त्यानं.

मॅडम परत आल्या. पडद्यावर जुना निजामाच्या काळचा नकाशा आणि आजची मोजणी एकावर एक ठेवली होती. त्यांनी पुन्हा एकदा ताडून पाहिलं आणि हसल्या.

"आजोबा, सबंध जिल्ह्यात असे शेजारी मला भेटले नाहीत. एवढ्या पिढ्या गेल्या, पण धुरा नकाशात आहे तिथंच आहे. बोटभरसुद्धा सरकलेला नाही."

"शक्यच न्हाई!"

आपल्याच तोंडून निसटलं, असं वाटून दगडोबानं तोंडावर हात ठेवला. पण ओरडला होता विश्वंभर. तो ताडकन उभा राहिला होता.

"परत मोजा, मॅडम! धुरा चांगला हातभर दगडूच्या वावरात सरकलेला असाय पायजे!"