मूठभर

दुष्काळाच्या साली दिघोरीत रेशनवर परदेशातला लाल गहू आला. गोदावरीबाई तो पाखडत बसली होती, तेव्हा तिची धाकटी जाऊ कुंता दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मूठभर तरी द्या. कालपासून चूल नाही पेटली."

घरात गहू होता. तरी गोदावरीबाईनं सुपात उरलेला भुसा आणि बारीक काळं बी तेवढं तिच्या पदरात टाकलं. पदराला घट्ट दुहेरी गाठ मारून कुंता निघून गेली. उन्हाळा सरायच्या आत ती वारली.

पावसाळ्यात कुंताच्या बंद दारापुढं अनोळखी गवत उगवलं. गुरं त्याला तोंड लावत नव्हती.

"आपल्या इकडचं नोहे हे. त्या गव्हासंगं आलं," गोदावरीबाईचा नवरा ईश्वर म्हणाला आणि त्यानं ते उपटून टाकलं.

दर वर्षी ते त्यांच्या घराच्या दिशेनं थोडं पुढं उगवायचं. यंदा अंगणात पोचलं आणि निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या.

भर दुपारी गोदावरीबाई ते उपटायला बसली आणि तिचा हात थांबला. प्रत्येक लोंबीला गाठ होती. घट्ट, दुहेरी.

"कोनं मारल्या जी ह्या गाठी?" सुनेनं विचारलं.

"वाऱ्यानं."

झाडाचं पानही हलत नव्हतं. सून जवळ येऊन वाकली.

"आनि तुमच्या पदरात काय बांधलं, आत्याबाई?"

गोदावरीबाईनं काहीच बांधलं नव्हतं. तरी पदर खांद्यावरून खाली ओढला जात होता, मूठभर धान्याच्या वजनानं.