सात गेम आणि एक जगज्जेता

"या घरात आता जगज्जेता राहतो!" अशी घोषणा उल्हासरावांनी केली, तेव्हा त्यांच्या पत्नी वैजूताई आमटीला फोडणी देत होत्या.

"मग जगज्जेत्याने ताटं घ्यावीत," त्या म्हणाल्या.

निवृत्तीची भेट म्हणून लेकीने जुन्या व्हिडिओ गेमचा संच पाठवला होता. एकाच खात्यावर सात गेम; टीव्हीवर अर्धवट सोडा, मोबाइलवर पुढे खेळा. दुपारी ज्या राक्षसाचा मार खाऊन उल्हासराव वामकुक्षीला जात, तो चहाच्या वेळी मेलेला असे. आपणच मारला असणार, वयोमानाने विसरलो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि त्या भरात जावयाला रविवारच्या सामन्याचं आव्हान देऊन बसले.

शनिवारी दुपारी डोळा लागेना म्हणून ते पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात वैजूताई मेथीची जुडी बाजूला सारून मोबाइलवर अंगठे चालवत होत्या. सातव्या गेमचा शेवटचा राक्षस कोसळला. पडद्यावर झळकलं: विजेता, उल्हास.

"अहो, मेथी निवडून कंटाळा येतो हो," त्या ओशाळल्या.

उल्हासरावांनी मेथी पुढ्यात ओढली.

"उद्या जावयाशी तूच खेळ. ताटं मी घेतो," ते म्हणाले. "फक्त त्याला सांग, मी शिकवलं."