आजी, चहाला या

पावसात सायकली दामटत आम्ही एका जुन्या जर्मन गावातून परतत होतो. एका लाकडी घराच्या खिडकीतून म्हातारीने हात केला. ह्यांनी सवयीने मराठीतच हाक मारली, “आजी, चहाला या. नदीकाठी आमची कॅम्परव्हॅन आहे.”

“दिसेल त्याला बोलावता. करायला मी आहेच,” मी म्हटलं.

परतल्यावर कॅम्पसाइटच्या ऑफिसातल्या बाईंना त्या आजींबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “ते घर म्हणजे संग्रहालय आहे. शंभर वर्षांत तिथे कोणी राहिलेलं नाही. शिवाय आज ते बंद असतं.”

व्हॅनच्या दाराशी, आम्ही चपला काढतो तिथे, जुन्या काळच्या, काळ्या बटणांच्या बुटांचा जोड नीट काढून ठेवलेला होता, चिंब ओला. दाराचं कुलूप तसंच होतं. आत कपबशी वाजली.

ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.